आधी करंट बघ

अ‍ॅबिंग्डन, इंग्लंड

ती. काकांस,


दर फोनला तुमचा पहिला प्रश्न असतो, ‘गाडी सुधारली का?’ सुधारली. कशी, ते फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

माझी १९६६ची एमजीबी याच गावच्या कारखान्यातली. कारखाना १९८० साली बंद पडला. बॉनेट उघडलं की मला तुमची अँबॅसिडर आठवते, आणि ते साहजिकच आहे. दोन्ही इंजिनं बीएमसीच्या बी-सिरीजची. तुमचं १४८९ सीसी, हिचं १७९८. कार्ब्युरेटर तेवढे हिला दोन.

पत्रा, ब्रेक, वायरिंग सगळं करून गाडी रस्त्यावर आणली. थंडीत एका सेल्फला चालू व्हायची. दहा मिनिटं झकास पळायची, मग मिसिंग, मग बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही.

पेट्रोल कमी पडतंय, असं मी ठरवूनच टाकलं. दोन्ही कार्ब्युरेटर उघडले, जेटचे नट फिरवले. फरक शून्य. खरं तर गाडी स्वतःच सांगत होती. हिचा पेट्रोल पंप इलेक्ट्रिकचा, मागच्या चाकापाशी. चावी फिरवली की टकटक करतो आणि कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की गप्प बसतो. गाडी बंद पडल्यावर चावी फिरवली, तर दोनदा टकटक आणि शांत. म्हणजे वाट्या भरलेल्याच होत्या.

तेव्हा तुमचं वाक्य आठवलं : ‘पेट्रोलचा संशय आला की आधी करंट बघ.’ पुढच्या वेळी बंद पडली तशी रस्त्याच्या कडेलाच प्लग काढला, वायर लावून इंजिनाला टेकवला आणि एकाला सेल्फ मारायला लावला. ठिणगी पिवळट, मरतुकडी. गार झाल्यावर तीच निळी, कडक. डिस्ट्रिब्युटर उघडला तर पंधरा थाऊ गॅप लावून बसवलेले नवे पॉइंट काळेनिळे! पॉइंट उघडताना उसळणारा करंट कंडेन्सरने झेलायचा असतो. तो तापून निकामी झाला, की पॉइंटमध्येच जाळ होतो आणि प्लगपर्यंत जोर पोचत नाही. कंडेन्सर नवाकोरा होता, म्हणून त्याच्यावर संशयच घेतला नव्हता.

काढलेला पार्ट लगेच टाकायचा नाही, हा तुमचा नियम मात्र पाळला होता. बिस्किटांच्या डब्यातून जुना कंडेन्सर काढून बसवला, पॉइंट घासले. चाळीस मैल गाडी थांबली नाही.

तरी उभी असताना थरथरायची. तो माझाच प्रताप. नट किती फिरवले ते लिहूनच ठेवलं नव्हतं! मग एकेका कार्ब्युरेटरचा पिस्टन किंचित उचलून बघत बसलो : रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन बसलं तर कमी. मूळ दोष तासाभरात निघाला. मी घातलेला काढायला दोन संध्याकाळी गेल्या. आता डिकीत वही ठेवली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलतो, लिहितो, गाडी चालवून बघतो, मगच पुढची.

काकूंना नमस्कार सांगा. नवा कंडेन्सर फेकून दिला. जुनाच अजून गाडीत आहे.

आपला,
पुतण्या