हमीपत्राबाहेरचे

गेल्या मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासताना आमच्या ध्यानात आले की, यंदाच्या विद्यार्थ्यांचे अक्षर फारच बिघडले आहे. शब्दांच्या कडा पसरट, मात्रा-वेलांट्या एकमेकींत मिसळलेल्या. स्टाफरूममध्ये त्यावर आम्ही पुष्कळ बोललोही. भाषेच्या ऱ्हासावर बोलायला मराठीच्या प्राध्यापकांना निमित्त थोडेच लागते! चौथ्या दिवशी सहज चष्मा खिडकीच्या उजेडात धरला, तर दोन्ही भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. बिघडले होते ते चष्म्याचे कोटिंग.

चष्मा चौदा महिन्यांचा, हमी दोन वर्षांची. आम्ही निश्चिंत मनाने दुकानात गेलो. दुकानदाराने भिंगे उजेडात फिरवून पाहिली आणि विचारले, "सर, चष्मा गाडीत ठेवता का?" ठेवतो. अकोल्याचा मे महिना, पारा 45 अंशांच्या आसपास आणि दुपारभर उन्हात उभ्या स्कूटरची डिकी. "आणि पुसता कशाने?" आम्ही नकळत सदऱ्याचे टोक हातात धरले होते, त्यावर खडूची भुकटी होती. त्याने हमीपत्र उलटे केले. निर्मितीतील दोष तेवढा हमीत. उष्णता, रसायने, ओरखडे आणि अयोग्य हाताळणी हमीबाहेर. हमी 'नेहमीच्या वापरा'साठी होती. आमचा तर हाच नेहमीचा वापर होता! शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. तो कोणाच्या संदर्भाने ठरतो, हे त्या दिवशी कळले.

तरीही दुकानदार खोटे बोलत नव्हता. आजची भिंगे बहुधा प्लॅस्टिकची. वजनाला हलकी, पण मऊ. म्हणून त्यांवर आधी एक कठीण लेप देतात आणि त्यावर परावर्तन रोखणारे अतिसूक्ष्म थर. तापल्यावर प्लॅस्टिक बरेच प्रसरण पावते, वरचे थर तितके ताणले जात नाहीत आणि तडकतात. कोरड्या कापडाने पुसले की धुळीचे कण भिंगावर घासले जातात.

हा लेप मुळापासूनच नाजूक. लेप नसलेल्या साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. तो थोपवण्याची युक्ती जर्मनीत स्माकुला यांनी 1935 मध्ये साधली. अमेरिकेत कॅथरिन ब्लॉजेट यांनी 1938 मध्ये साबणाच्या जातीच्या द्रव्याचे, एकेका रेणूच्या जाडीचे 44 थर काचेवर चढवले आणि काच जवळजवळ दिसेनाशी केली. पण तो लेप इतका मऊ होता की सहज पुसला जाई. पुढे निर्वात पोकळीत चढवलेले कठीण थर आले. काच दिसू नये, ही किमया आधी साधली. ती टिकावी, ही खटपट अजून चालू आहे.

आमच्या वडिलांचा चष्मा काचेच्या भिंगांचा होता. नाकावर वळ उमटवील इतका जड. ते तो धोतराच्या सोग्याने खसाखसा पुसत. त्या चष्म्याला ना कोटिंग होते, ना हमीपत्र. तो वीस वर्षे टिकला. पुसण्याची रीत आम्ही त्यांच्याकडून उचलली. मात्र ती रीत ज्या काचेला सोसत होती, ती काच आमच्या वाट्याला आली नाही. वारशाने सवय तेवढी आली.

असो. नव्या भिंगांचे पैसे आम्ही मुकाट्याने भरले. आता चष्मा आधी पाण्याखाली धरतो, मग मऊ कापडाने टिपतो. डिकीत ठेवत नाही.

मात्र एक गोष्ट मनातून जात नाही. त्या पहिल्या तीन दिवसांतल्या उत्तरपत्रिका तोवर हातावेगळ्या झाल्या होत्या. त्यांतल्या काहींवर आम्ही 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला होता आणि जिथे ओळी लागल्या नाहीत, तिथे गुणही हात आखडून दिले होते. आमच्या नुकसानीबद्दल निदान दुकानात जाऊन भांडता तरी आले. त्या मुलांना असे काही घडले याचा पत्ताही नाही, आणि ती कोण होती, हे आम्हांलाही आता सांगता येणार नाही.