आडनावातला एक ल

‘व्हिसा मागणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहून आत येऊ का असं विचारणं. आपल्याला नाही जमायचं.’ सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर हे वाक्य मी इतकी वर्षं फेकत आलो की मी तोंड उघडायच्या आत दुसराच कोणीतरी ते पुरं करायचा. आमच्या गल्लीतलं एक जोडपं मुलीकडे कॅनडाला राहायला गेलं, तेव्हा ‘बिनपगारी आया निघाल्या’ हा विनोद माझाच. चांगला हशा मिळाला होता. आता तोच व्हिसा माझ्या पासपोर्टात चिकटलाय. कट्ट्यावर कळायच्या आत स्वतःच सांगितलेलं बरं.

मुलगा इथल्याच वालचंद कॉलेजला शिकला. आता टोरांटोजवळ मिसिसॉगाला असतो. पहिल्या नातवाच्या वेळी त्याने बोलावलं, तेव्हा मी कट्ट्यावरचं भाषण फोनवर केलं. तो म्हणाला, ‘पप्पा, आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीसही गेलेच होते ना चीनला?’ मी म्हणालो, ‘गेले 1938 साली, आणि 1942 साली तिकडेच वारले. बत्तीस वर्षांचं वय.’ तो गप्प झाला. वाद जिंकल्याचा आनंद मला दोन दिवस पुरला. आज आठवलं की लाज वाटते, कारण पोरगं मदत मागत होतं आणि मी सनावळी सांगत होतो.

यंदा दुसरं बाळ होणार म्हणून परत फोन आला. मी नेहमीची टेप लावणार तेवढ्यात बायको आत गेली आणि तांदळाच्या डब्यामागून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. तिचा पासपोर्ट. 2019 साली काढलेला. रेशनच्या कामाला जाते म्हणून मुलीबरोबर जाऊन काढला होता. पोलीस पडताळणीच्या दिवशी मला मुद्दाम तुळजापूरला पाठवलं होतं म्हणे. मी प्रसाद घेऊन आलो होतो, तेही आठवलं. ‘अहो, तुम्हाला नाही जायचं तर नका जाऊ,’ ती म्हणाली, ‘पण मला कधी विचारलं का तुम्ही?’

नव्हतं विचारलं. खरं सांगायचं तर व्हिसाच्या अपमानाची गोष्टच खोटी होती. मला भीती वाटत होती. काउंटरवर इंग्रजीत विचारतील आणि मला कळणार नाही याची. तिकडे बसस्टॉपही सापडणार नाही, पोराच्या हाताला धरून चालावं लागेल, याची. मग भीतीला स्वाभिमानाचा सदरा घातला. तो कट्ट्यावर शोभून दिसतो.

सुपर व्हिसा म्हणतात तो हा. आईवडील आणि आजीआजोबांसाठी 2011 पासून आहे. आधी एका खेपेला दोन वर्षं राहता यायचं, जुलै 2022 पासून पाच वर्षं. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा मिळतो, नोकरी करता येत नाही. मुलाचं निमंत्रणपत्र, त्याच्या पगाराचे कागद, किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा, आणि कॅनडा सरकारनेच नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी. शिवाय ज्याच्याकडे चाललात तो तुमचाच मुलगा आहे, याचा पुरावा.

इथेच घोडं पेंड खातं. मी आयुष्यभर एका शाळेत लिपिक होतो. शाळा सोडल्याचे किती दाखले लिहिले याचा हिशेब नाही. पालक यायचे, ‘सर, आडनावात एक ल लिहिलाय, आमचा जोडाक्षराचा आहे.’ आम्ही पद्मशाली, आमची तेलुगू आडनावं मराठीत लिहिताना असं व्हायचंच. मी जनरल रजिस्टरकडे बोट दाखवायचो : ‘एका अक्षराने काय फरक पडतो?’ आता माझा दाखला, पॅन आणि मुलाचं जन्माचं प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवलं, तर एकावर एक ल, दोहोंवर दोन. एका ठिकाणी तर माझ्या वडिलांचंच नाव माझं म्हणून पडलेलं. जन्मनोंदीचा फॉर्म कोणी भरला होता? मीच. अक्षर ओळखू आलं. प्रतिज्ञापत्रं केली, दुरुस्तीचे अर्ज केले, खेटे घातले. एका खिडकीवरचा कारकून पोरगेलासा होता. मान वर न करता म्हणाला, ‘काका, एका अक्षराने खूप फरक पडतो.’ बरोबर बोलला.

मग बोटांचे ठसे द्यायला पुणं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. कुर्डुवाडी गेल्यावर बायकोने डबा उघडला : कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पुण्यातल्या काउंटरवरची मुलगी मराठीत बोलली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. सात वर्षं ज्याला घाबरलो ते हे.

पण माझा हात अडला तो दुसऱ्याच कागदापाशी. मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल, याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. गावी काय काय आहे ते पत्रात लिहायचं होतं. मी ऐटीत बसलो लिहायला. घर. पेन्शन. बार्शीला दिलेली मुलगी. पुढे? वडिलांचे चादरीचे चार माग होते. ते भंगाराच्या भावाने गेले, त्या शेडमध्ये आता भाडेकरूची रिक्षा उभी असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तो मी चुकवत नाही. पण हे व्हिसाच्या पत्रात कसं लिहिणार? पान अर्धंच भरलं.

आणि लिहिता लिहिता तात आठवले, माझे आजोबा. करीमनगरकडचे. तेव्हा तो मुलूख निजामाचा आणि सोलापूर इंग्रजांचं. इथली ‘जुनी मिल’ 1877 ची, तिच्यामागून बाकीच्या आल्या, हातमाग वाढले आणि तेलंगणातले विणकर कुटुंबंच्या कुटुंबं इकडे आली. आजी सांगायची, ‘दसऱ्याला परत येतो’ असं आईला सांगून तात निघाले होते. कुठल्या दसऱ्याला ते बोलले नव्हते. आमची तिसरी पिढी इथे म्हातारी झाली. मी तेलुगू बोलतो, पण वाचता येत नाही. ज्या माणसाचा आजोबा असा निघाला होता, त्याने मुलाला ‘आपली माती’ म्हणून सुनवायचं! कट्ट्यावर कोणीच मला हे तोंडावर विचारलं नाही, याचं आता नवल वाटतं. निम्मा कट्टा तेलंगणातूनच आलेला, म्हणूनही असेल.

पत्रात मी ‘परत येणार’ असंच लिहिलं. सहा महिन्यांचं तिकीट काढलंय. तात काय म्हणाले होते ते अधिकाऱ्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

गल्लीतल्या त्या जोडप्याकडे जाऊन आलो. विनोद त्यांच्या कानावर गेलेलाच होता. काकूंनी चहा दिला आणि बर्फात कुठले बूट घालायचे ते सांगितलं.

आता एक विनंती. माझ्या हातचा दाखला ज्यांच्या घरात असेल, त्यांनी तो काढून आडनाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव एकदा आधार, पॅनशी ताडून बघावं. चूक निघाली तर ती माझीच. जायच्या आधी सांगा. शाळेत तुमच्याबरोबर यायला मी तयार आहे.