अर्क झाडपाल्याचा, तरी विवेक हवाच



माझ्या धाकट्या जावेची तासगावकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात. परवा फोनवर ती म्हणाली, "अक्का, औषधाऐवजी झाडपाल्याचा अर्क मारला तर हिंसा टळेल ना?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकींच्या मनात असतो, म्हणून इथे लिहिते.

आधी अर्क काम कसा करतो ते पाहू. लवंगेत युजेनॉल असतं, ओव्यात थायमॉल. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेल-तूप खवट होतं, ती क्रिया ही द्रव्यं रोखतात. म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. हीच द्रव्यं बुरशीच्या पेशीचं आवरणही खिळखिळं करतात. म्हणजे अर्क नैसर्गिक असला तरी बुरशी मरतेच. आपण बुरशीला अनंतकाय मानतो. मारणारं द्रव्य कारखान्यातलं की लवंगेतलं, याने त्या जीवांना काय फरक पडणार?

तरी अर्काचा उपयोग आहे. तो लवकर उडून जातो, त्यामुळे फळावर फार काळ राहत नाही. पण त्यामुळेच त्याचा परिणामही लवकर ओसरतो. भुरीवर निंबोळी तेल वापरतात. पण पावसाळी हवेत डाऊनी आला, तर नुसत्या अर्कावर विसंबणं धोक्याचं. बागेवर कर्ज असताना तर फारच.

मी तिला आपल्या शास्त्रातले हिंसेचे चार भेद आठवून दिले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. शेतीतली हिंसा उद्योगी. श्रावकाने संकल्पी हिंसा सोडायची, उद्योगी जमेल तितकी कमी करायची. म्हणून म्हटलं, आधी फुटव्यांची विरळणी नीट कर. वेलीत ऊन-वारा खेळला की बुरशी कमी धरते आणि फवारण्याही कमी लागतात. जीव मारण्यापेक्षा तो उपजूच न देणं, ही खरी यत्ना.

स्वयंपाकघरातही हेच. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस सांगितली आहे, कारण ओलाव्यात जीव लवकर उपजतात. डब्यात चार लवंगा टाकल्या म्हणून ही मर्यादा वाढत नाही. डबा कोरडा करा, पीठ थोडंच दळा आणि वेळेत संपवा.