नजर नव्हे, टिन!

१८ मे २०१९. बुद्धपौर्णिमेचा दिवस. चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या वस्तीतल्या विहारात सकाळी वंदना झाली, दुपारी खीरदान होते. मी पाणपोईवर उभा होतो. महाडच्या १९२७ सालच्या सत्याग्रहाची आठवण देणारा फलक मीच रंगवून तिथे लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाळा घातलेल्या रांजणातले पाणी देत होतो आणि खरे सांगायचे तर मनातून थोडा फुगलोही होतो. चारच्या सुमारास शेजारच्या मावशींची मुलगी धावत आली. "भाऊ, लवकर चला. कोंबड्या पडल्या."

विहारापासून मावशींची सांदवाडी पन्नास पावलांवर. जाऊन पाहतो तर खुराड्यात चौदापैकी नऊ कोंबड्या निपचित पडलेल्या. उरलेल्या पाच पंख अंगापासून दूर धरून, चोची उघड्या टाकून धापा टाकीत होत्या. प्लॅस्टिकच्या भांड्यातल्या पाण्यात बोट घातले तर पाणी चहासारखे कढत. दिवसभर घरी कोणी नाही, कुत्री येतील, म्हणून मावशींनी त्यांना सकाळीच कोंडले होते. मी घाईघाईने एकीची चोच उघडून पाणी ओतले. तिला ठसका लागला आणि ती माझ्या हातातच गेली. चार वाचल्या.

बाया जमल्या. कोणी म्हणाले, नजर लागली, अंडी फार विकत होती. एक आजीबाई हळूच म्हणाल्या, मरीआईचे काही राहिले असेल. आमच्या आजीच्या काळी मरीआईला कोंबडे जात असे. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली आणि आमच्या घरातून ते गेले. एरवी असे कोणी बोलले की मी तिथल्या तिथे अर्धा तास बोलतो. बावीस प्रतिज्ञा काढतो. त्या दिवशी मी गप्प बसलो.

कारण तो खुराडा माझा होता. म्हणजे बांधायला मीच लावला होता. आधी कडुनिंबाखाली मावशींचा जुना खुराडा होता, तुराटीच्या कुडाला माती लिंपलेला, वर तणस. त्यात एकदा मुंगूस शिरले आणि पिल्ले गेली. मी बचत गटाच्या बैठकीत उठून सांगितले की आता हे सोडा; लोखंडी जाळी, टिनाचे छप्पर, पक्के काम करा. गटातून कर्ज काढून दिले, मिस्तरी मीच आणला. निंबाखाली जागा अपुरी पडते म्हणून खुराडा मागच्या उघड्या अंगणात, पश्चिमेला तोंड करून उभा केला. मी बी.कॉम. झालेला माणूस. कर्ज किती, हप्ता किती, अंड्यांचे किती येतील, सगळे कागदावर मांडले. ऊन तेवढे मांडले नाही. मुंगूस मात्र त्यानंतर आले नाही, हेही खरे.

त्या अंड्यांवर मावशींच्या मुलीचा नर्सिंगच्या कोर्सला जाण्यायेण्याचा बसपास निघत होता. हप्ताही त्यातूनच.

दोन दिवस मी तोंड उघडले नाही. नजर लागली असेल तर माझी सुटका होत होती, हे मला नीट कळत होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून परतताना पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. मनात एक आशा होती की राणीखेत निघेल, म्हणजे मानमोडी. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. हिरवी हगवण होती का? मान वाकडी होत होती का? नव्हती. रोगाने मरतात त्या मागेपुढे, दिवसांच्या अंतराने मरतात, ते म्हणाले; सगळ्या एकाच दुपारी आणि त्यातही धष्टपुष्ट, अंड्यावरच्या आधी गेल्या, म्हणजे उष्माघात.

मग त्यांनी समजावले ते असे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१-४२ अंश. हवा थंड असते तेव्हा तुरा, गळ्याखालची लोंबती लाल कातडी आणि पाय यांतून उष्णता बाहेर पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, तेव्हा बाहेरची हवाच तिच्या अंगापेक्षा गरम. मग उरते फक्त धापा टाकणे. श्वासाबरोबर वाफ जाते, तेवढाच गारवा. त्यासाठी पाणी लागते, आणि कढत पाण्याला ती तोंड लावत नाही. धापा टाकून रक्तातला समतोलही बिघडतो. उन्हाळ्यात अंड्याचे कवच पातळ पडते त्याचे एक कारण हे. शिवाय खाल्लेले दाणे पचताना पोटात उष्णता तयार होते. सणाचा दिवस म्हणून मावशींनी त्या दिवशी अकरा वाजता कोंबड्यांना भात आणि कणी पोटभर घातली होती. माऊलीने प्रेमाने घातली.

संध्याकाळी मावशींकडे गेलो आणि सांगितले. नजर नाही, मरीआई नाही. टिन आणि मी. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मले वाटलंच होतं, भाऊ. अंडी काढाले हात घातला तरी चटका बसे."

"मग बोलल्या का नाही?"

"तुमी शिकलेले. मी का सांगू तुमाले?"

हे वाक्य मला अजून जात नाही. वीस वर्षे मी बैठकांमधून बायांना सांगत आलो आहे की बोला, विचारा, ऐकून घेऊ नका.

कर्जाचे उरलेले हप्ते मी भरले, तो हिशेब वेगळा. खुराडा दोघांनी मिळून पुन्हा बांधला आणि या वेळी मावशी सांगतील तसे मी केले. जाळी तीच ठेवली, पण सांगाडा उचलून निंबाखाली नेला. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळचे आणि उतरतीचे ऊन अरुंद बाजूवर येते. छप्पर हातभर उंच केले आणि दोन्ही अंगांनी तीन फूट पुढे काढले. टिनावर चुन्याचे दोन हात दिले, वर तणस बांधले. पश्चिमेला बांबूचा तट्टा. कूलरच्या गवताच्या जुन्या ताट्या आपण फेकतो, त्या इथे फार उपयोगी पडतात; दुपारी त्यांवर पाणी शिंपडायचे. मात्र चारही बाजूंनी ओली पोती लावून खुराडा बंद करू नये. आत दमटपणा कोंडला की धापांतून वाफ जात नाही, उलट जास्त त्रास होतो. वारा आरपार गेला पाहिजे.

खाली कोंडा हिवाळ्यात चार बोटे असतो, तो उन्हाळ्यात दोनच ठेवतो. सावलीत एक खड्डा, त्यात कोरडी माती आणि चुलीची राख. दुपारी कोंबड्या त्यात अंग घालून पडतात. दाणा सकाळी आठच्या आत आणि ऊन उतरल्यावर. दुपारी काही नाही, सण असला तरी. पाणी मातीच्या परळांतून, तीन ठिकाणी, दिवसातून तीनदा बदलून. मोठी कोंबडी एरवी पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट किंवा अधिकही. फार तापले तर एका परळात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ, पण शेजारी साधे पाणी हवेच. राणीखेतची लस डॉक्टरांना विचारून ऊन चढण्याआधी उरकतो, आणि तीही सकाळच्या गारव्यात.

एवढे करूनही एखादी पडलीच तर तिला सावलीत न्यावे आणि मान वर धरून अंग साध्या पाण्यात बुडवावे. बर्फाचे पाणी नको. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जाते. हे मी कसे शिकलो ते वर आलेच आहे.

विहारातील एका उपासकांनी मला विचारले, पंचशील घेता आणि कोंबड्या पाळायला सांगता? प्रश्न रास्त आहे. मावशी अंडी विकतात आणि कधी कोंबडाही विकतात, तो कुठे जातो ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. पहिल्या शीलापुढे माझे उत्तर तोकडे पडते. पण त्या दहा कोंबड्या कोणाच्या पोटासाठी गेल्या नव्हत्या. त्या माझ्या अडाणीपणाने गेल्या, आणि ते टाळता येण्यासारखे होते.

मुलगी आता नर्स आहे. मावशींकडे सध्या अकरा कोंबड्या आहेत. चौदा ठेवू म्हटले तर त्या म्हणतात, उन्हाळा जाऊ द्या. रविवारी दुपारी मी जरा आडवा झालो की खिडकीवर टकटक होते. "भाऊ, ताट्या वाळल्या." मी उठतो आणि बादली घेतो.