युरोपचे राजकीय अर्थशास्त्र आणि बावड्याचा ऊस

बाजारातील किंमत केवळ मागणी-पुरवठ्याने ठरत नसून तिच्यामागे कायदा, संघटित हितसंबंध आणि राज्यसत्तेचे निर्णय उभे असतात, हे गृहीत धरून अर्थव्यवहाराचा विचार करणाऱ्या शाखेला राजकीय अर्थशास्त्र म्हणतात. पदव्युत्तर स्तरावर या शाखेचा युरोपविषयक भाग १९५७ चा रोम करार, सामाईक बाजारपेठ आणि युरो हे चलन अशा क्रमाने शिकविता येतो. परंतु विद्यार्थ्याने स्वतःच्या भूमीतला प्रश्न सोबत नेला नाही, तर त्या अभ्यासाची निव्वळ सनावळी होते.

कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य लाभून भीमराव आंबेडकर १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा त्यांनी एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यासाला घेतला तो रुपयाचाच प्रश्न. देशात सोन्याचे नाणे न चालविता रुपयाचा दर स्टर्लिंगशी बांधून ठेवणाऱ्या सुवर्ण विनिमय परिमाणाचे केन्स यांनी १९१३ मध्ये समर्थन केले होते; या पद्धतीत सरकारच्या चलननिर्मितीला पुरेसा लगाम राहत नाही, असे आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले आणि कॅनन यांनी काही मतभेद नोंदवूनही त्याला प्रस्तावना लिहिली.

आज बावड्यातून युरोपकडे पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती असा प्रश्न साखरेचा आहे, कारण येथील छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थांची सहकारी परंपराच १९०४ च्या पतसंस्था कायद्यामार्फत जर्मनीतील रायफायझन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांपर्यंत मागे जाते. युरोपात साखर बीटपासून होते. १९६८ पासून तेथे प्रत्येक देशाला उत्पादनाचा कोटा, बीटाला किमान दर आणि साखरेला जागतिक बाजारापेक्षा बराच चढा भाव अशी व्यवस्था होती. कोट्याबाहेरची साखर थेट अनुदानाविना निर्यात होत असली, तरी घरच्या चढ्या भावातून कारखान्याचा स्थिर खर्च आधीच निघाल्यामुळेच ती स्वस्त विकणे परवडते, हा ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि थायलंड यांचा युक्तिवाद जागतिक व्यापार संघटनेने २००५ मध्ये अंतिमतः मान्य केला. त्यानंतर २००६ च्या सुधारणेने पांढऱ्या साखरेचा आधारभाव टनाला ६३१.९ युरोवरून टप्प्याटप्प्याने ४०४.४ युरोवर आणला आणि ३० सप्टेंबर २०१७ रोजी कोटापद्धतही संपली.

या सुधारणेचा गाभा भावकपातीत नसून तोट्याच्या वाटणीत आहे. बीट उत्पादकांच्या नुकसानीचा सरासरी ६४ टक्के भाग थेट उत्पन्न-साहाय्याने भरून देण्यात आला आणि कोटा सोडणाऱ्या कारखान्यांना पुनर्रचना निधीतून रक्कम मिळाली. तरीही आयर्लंडमधील साखरनिर्मिती पूर्णपणे थांबली.

ऑस्ट्रेलिया आणि ब्राझील याच दोन देशांनी ग्वाटेमालासह भारताविरुद्ध तक्रार नेली, तेव्हा १४ डिसेंबर २०२१ च्या निवाड्यात उसाला दिला जाणारा आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्के मर्यादेबाहेर असल्याचे ठरले. भारताने अपील केले, परंतु अपील मंडळच सदस्यांअभावी ठप्प असल्याने वाद लोंबकळत राहिला. वास्तविक भारतात रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरविते आणि ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत तो चुकता करण्याची जबाबदारी कारखान्यावर असते. युरोपात सुधारणेनंतर शेतकऱ्याच्या संरक्षणाचा मोठा भार सार्वजनिक निधीने उचलला; सहकारी कारखान्यात मात्र ऊस घालणारा सभासद हाच मालक असल्यामुळे, साखरेचा भाव पडला की दराची थकबाकी आणि कारखान्याचे कर्ज ही दोन्ही ओझी फिरून त्याच्याच शेतावर येतात. हा फरक ओळखून ब्रुसेल्सचे दस्तऐवज वाचणाऱ्या अभ्यासकालाच युरोपची सुधारणा कोठवर अनुकरणीय आहे, हे सांगता येईल.