गुरुजींचा लॅपटॉप

नृसिंहवाडीस, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या नरसोबाच्या वाडीस, मनुष्य जातो तो दत्तदर्शनासाठी, कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहण्यासाठी, आणि येताना बासुंदी व पेढे घेऊन येण्यासाठी. मी गेल्या श्रावणात तेथे गेलो तो मात्र एक जुना लॅपटॉप इंटरनेटला जोडून देण्यासाठी. बोलावणे होते ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षकांचे. ते मला ‘फादर’ म्हणतात, मी त्यांना ‘गुरुजी’ म्हणतो. आणि या दोन शब्दांवर आमचा स्नेह वीस वर्षे टिकून आहे.

तो जुळला २००५ च्या महापुरात. मी तेव्हा जवळच्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. धान्य आणि चादरी वाटता वाटता आमची ओळख झाली. वाडीला पूर नवा नाही. पाणी चढत जाऊन पादुकांवरून वाहते आणि देवळाच्या दक्षिण दाराने बाहेर पडते, त्या ‘दक्षिणद्वार’ सोहळ्याला लोक श्रद्धेने स्नानास येतात. परंतु त्या वर्षी पाणी देवळापाशी थांबले नाही. ते घराघरांत शिरले. पूर ओसरल्यावर गुरुजींनी त्या दिवसांची हकिकत लिहून काढली. आदल्याच वर्षी मुलाने घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर, एकेक अक्षर शोधत, त्यांनी साठ पाने टंकली. छापील प्रत माझ्या हाती देऊन म्हणाले, “फादर, कुठे छापता येईल का पाहा.” मी चार पाने चाळली आणि म्हणालो, “फार लांब झाले आहे गुरुजी. पुढे पाहू.”

पुढे मी पाहिलेच नाही. ती प्रतही एका बदलीच्या सामानात कुठे गेली, देव जाणे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वाडी पुन्हा बुडाली. गुरुजी नावेत बसले तेव्हा त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला हाच लॅपटॉप होता. मुलगा म्हणतो, “बाबा, आता भंगारात द्या.” पण परदेशी शिकणाऱ्या नातीने विचारले होते, “आजोबा, तुम्ही पुरावर लिहिले होते ना? मला पाठवा.” तिला ते आपल्याच यंत्रावरून आणि आपल्याच हाताने पाठवायचे, असा गुरुजींचा हट्ट होता.

वास्तविक कोल्हापूरकरांना संगणकाची जोडणी नवखी नाही. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आणि १९९८ मध्येच वारणानगर परिसरातील सत्तर गावे संगणकाने जोडण्याची योजना हाती घेण्यात आली. उसाचे वजन आणि बिल शेतकऱ्याला गावातच कळावे, हा तिचा मोठा उपयोग. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यांतील काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवले. यंत्रे जुनी होतात, गरज तीच राहते.

प्रथम आम्ही सुज्ञपणाचे काम केले: पेन ड्राइव्हवर साऱ्या फाइलींची नक्कल घेतली. मग जोडणीला हात घातला. घरात वायफाय होते. पण लॅपटॉप २००४ चा, नव्या वायफायच्या कुलपाची रीत त्याला ठाऊक नव्हती. तेव्हा राउटरपासून लॅनची साधी वायर आणून जोडली. वाट मिळाली.

तरी एकही पान उघडेना. ‘प्रमाणपत्र ग्राह्य नाही’ एवढेच पुन्हा पुन्हा दिसे. कोपऱ्यातील तारखेकडे माझे लक्ष गेले: १ जानेवारी २००२! लॅपटॉपच्या आत घड्याळ चालू ठेवणारी बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती केव्हाच संपली होती. इंटरनेटवरचे प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपले ओळखपत्र दाखवते, आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. आपले यंत्र २००२ मध्येच उभे असेल, तर आजचे ओळखपत्र त्याला अजून जन्मालाच न आलेले वाटते. गुरुजी हसले. “म्हणजे फादर, त्याला आजची तारीख कुणी सांगितलीच नाही!”

तारीख हाताने बदलली. काही पाने उघडली, बहुतेक उघडली नाहीत. त्यातील विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच बंद झाली आहे. आजची संकेतस्थळे ज्या सांकेतिक भाषेत बोलतात, ती त्या जुन्या ब्राउझरला येत नाही. शिवाय असे अरक्षित यंत्र इंटरनेटवर उघडे ठेवणे म्हणजे दार सताड टाकून गावाला जाणे. माझी धाव एवढीच. मग आमच्या धर्मग्रामातील, संगणक दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी एक सीडी घेऊन आला. तिच्यावर पपी लिनक्स नावाची, जुन्या यंत्रांसाठी उपयोगी पडणारी हलकी प्रणाली होती. ती सीडीवरूनच चालते, आतल्या डिस्कला हात लावावा लागत नाही. पाच मिनिटे यंत्र कुरकुरले, आणि मग ईमेलचे पान हळूहळू उघडले.

आनंद क्षणभरच टिकला. नमुन्यादाखल पहिले प्रकरण माझ्या मोबाइलवर पाठवले, तर तिथे मराठीचे एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल. गुरुजींनी टंकले होते जुन्या फाँटमध्ये. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर खालची इंग्रजी अक्षरे तेवढी उरतात. आज प्रत्येक मराठी अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक आहे. जुन्याचे नव्यात रूपांतर करणारी साधने मिळतात. आम्ही ते केले. परंतु जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई, त्यामुळे वेलांट्या आणि रफार जागोजाग भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले होते.

साठ पाने दुरुस्त करायला तीन दिवस लागले. गुरुजींना आता दिसत नाही फारसे. मी मोठ्याने वाचायचे, अडलो की त्यांनी आठवून शब्द सांगायचा. अशा रीतीने, जे लेखन मी वीस वर्षांपूर्वी चार पानांत आटोपले होते, ते अक्षर अक्षर लावून मला वाचावे लागले. शेजारणीने रात्री गोठ्यात जाऊन म्हशीचे दावे कापले, आणि अंधारात तिच्या पोहण्याचा आवाज ऐकत ती उभी राहिली. चिखलातून निघालेली शाळेची हजेरीपत्रके गुरुजींनी वाळत घातली; शाई वाहून गेली होती, तरी मुलांची नावे त्यांना तोंडपाठ होती. लांब झालेले एक वाक्यही मला कुठे सापडले नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, “गुरुजी, तेव्हा मी हे वाचले नव्हते.”

“मला ठाऊक होते,” ते म्हणाले. “पुढचे वाचा.”

संध्याकाळी त्यांनी चाचपडत स्वतःच्या बोटाने बटण दाबले, आणि पूर नातीकडे गेला. तरुणाने वायर काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मुलाच्या मोबाइलवर तिचे उत्तर आले. त्यात स्तुतीचा शब्द नव्हता, एकच प्रश्न होता: “आजोबा, ती म्हैस परत आली का?”

“हे लिहायचे राहिलेच की!” म्हणून गुरुजींनी त्याच यंत्रावर, त्याच जुन्या फाँटमध्ये एकसष्टावे पान सुरू केले आहे. वेलांट्या जागेवर आणण्यासाठी मला येत्या आठवड्यात पुन्हा वाडीला जायचे आहे.