मशीनवरची पहिली गोधडी

आईने ट्रंकेतून आपली तीन जुनी लुगडी काढून आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "पोरींनो, मला आता सुई दिसत नाही. नात जायच्या आत एवढी गोधडी तुम्ही पुरी करा." नात म्हणजे आमच्या धाकटीची मुलगी. नर्सिंगच्या शिक्षणासाठी ती परगावी वसतिगृहात जाणार होती. हातात दिवस होते १५. थोरलीला कचेरी आणि संध्याकाळी वस्तीतली कामे, धाकटीला घर. हाताने धावदोरा घालीत बसलो असतो तर दोन महिने लागले असते. मशीनशिवाय गत्यंतर नव्हते.

पायाने चालवायचे मशीन घरात होतेच. साडीला फॉल लावणे, उशीचे अभ्रे शिवणे, एवढेच आम्हा दोघी बहिणींना येत होते. गोधडीचे जाड ओझे सुईखाली घालायचे म्हटले की छातीत धडधडायचे. सुई मोडून उडाली तर? बोट सापडले तर? खरी भीती मात्र आईच्या लुगड्यांची होती. ती बिघडली तर दुसरी कोठून आणायची? आयझॅक सिंगर यांनी अमेरिकेत आपल्या शिलाई यंत्राचे पेटंट घेतले ते १८५१ साली. तेव्हापासून जगभरच्या बायका जे शिकत आल्या, ते शिकायला आम्ही चाळिशीत घाबरत होतो! कचेरीत मोठमोठे ताळेबंद जुळवणारी थोरली तर मशीनपुढे बसायलाच तयार होईना.

शेवटी एक तोड काढली. लुगड्यांना हात न लावता फाटक्या चादरीचे हातभर तुकडे घेतले, त्यांचे तीन थर केले आणि त्यावर शिकायला बसलो. आई हाताने शिवायची तसेच कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत आत गेलो. मध्यावर पोचतो तो काय, पुरीसारखा फुगवटा! तो दाबून शिवायला गेलो आणि सुई मोडली. धाकटी म्हणाली, "ताई, राहू दे. आपल्याला नाही जमायचे."

त्या रात्री आम्ही मशीन नीट निरखले. खालचे दाते खालचे कापड पुढे ओढतात. वरचा पाय वरचे कापड दाबून धरतो. म्हणून वरचा थर थोडा मागे राहतो आणि त्याचा सैलपणा सुईच्या पुढे साचत जातो. कडेकडून आत शिवले की तो मध्यावर कोंडतो. मधून बाहेर शिवत गेले की कडेने निघून जातो. हातशिवणीत हे सगळे आईची बोटे सांभाळून घेत होती. मशीनला बोटे कुठली?

दुसऱ्या तुकड्याला रीत बदलली. थर जमिनीवर ताणून अंथरले आणि वीतवीत अंतरावर कच्चे टाके घातले. १६ नंबरची सुई बसवली, टाका लांब केला. पहिली ओळ बरोबर मधोमध घातली. मग मधून उजव्या कडेपर्यंत गेलो, आणि तुकडा फिरवून दुसरी बाजू तशीच शिवली. तुकडा सपाट निघाला!

मग लुगडी घेतली. वर-खाली एकेक, मध्ये तिसरे. दोन्ही बाजू चटईसारख्या गुंडाळल्या. ओझे खाली लोंबले तर सुईला ताण बसतो, म्हणून डावीकडे टेबल लावले. एकीने पाय मारायचे, दुसरीने गुंडाळी सांभाळायची. कापड ओढायचे नाही, नुसती वाट दाखवायची. ११ व्या दिवशी शेवटची ओळ संपली.

आईने गोधडीवरून हात फिरवला. "ओळी वाकड्या आहेत," ती म्हणाली. आम्ही गप्प. "पण चुणी कुठे नाही." मग तिने सुई मागितली. धाकटीने दोरा ओवून दिला आणि आईने नुसत्या स्पर्शाने चारी कडांना हाताचा टाका घातला. ती गोधडी घेऊनच नात वसतिगृहात गेली.

भगिनींनो, हिशेबाच्या कामात आधी कच्ची वही असते, मग पक्की. चूक कच्च्या वहीत झाली तर खोडता येते. मशीनची भीती वाटत असेल तर आधी चिंध्यांवर बसा. आमची एक सुई मोडली, दोन तुकडे वाया गेले. खर्च एवढाच झाला.